लोट्यात आलेला इटलीचा प्लांट आणि दाभोळ खाडी: पाण्यात नेमकं काय तपासून घ्यावं?

स्नेहा_खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी चिपळूण तालुक्यातली, खाडीकाठच्या गावची. आमचं भोयांचं घर. बाबा आणि काका अजून दाभोळ खाडीत होडी घालतात. बोई, शिंगाळा, कोळंबी, चिंबोऱ्या, जे लागेल ते. सुकती लागली की आई आणि काकू कालवं काढायला उतरतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे गावात काही छापून आलं की ते वाचून समजावून सांगायचं काम माझ्याकडे येतं. या वेळी मलाच समजून घ्यायचंय.

खाडीचं दुखणं जुनं आहे. मासे मरून काठाला लागतात, पंचनामा होतो, बाटल्या भरून नेतात आणि काही दिवसांनी "सर्व घटक मर्यादेत" असा कागद येतो. ते कुणामुळे होतं यावर मला इथे बोलायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता. फ्लोरिनची रसायनं करायचा. त्याच्यामुळे भूजल खराब झालं आणि २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. २०१९ मध्ये त्याची यंत्रसामग्री आणि पेटंटं एका भारतीय कंपनीने लिलावात घेतली आणि ती आमच्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आली. हे सगळं जाहीर आहे, कुणी लपवलेलं नाही. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाले, "धोक्याचं होतं ते जुनं, आठ कार्बनवालं. ते जगभर बंद झालं. आता बनतं ते छोट्या साखळीचं, अंगात साठत नाही, काळजी करू नका." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तर नवीन म्हणजे खरंच बिनधोक का? आणि आम्हाला खाडीचं पाणी तपासून घ्यायचं असेल तर प्रयोगशाळेत जाऊन नेमकं काय मागायचं? नुसतं "पाणी तपासा" म्हटलं तर पुन्हा तोच कागद येईल.

शिफ्ट_बी

मी लोट्यातच ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर काम करतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, पण तुम्ही म्हणता तो नाही.

तुमच्या कागदाचं कोडं सोपं आहे ताई. आम्ही रोज बघतो ते पीएच, सीओडी आणि बीओडी (सेंद्रिय घाणीची मापं), टीडीएस (विरघळलेले क्षार), तरंगते कण, तेल-ग्रीस. काही ठिकाणी फ्लोराइडही बघतात. पण कार्बनच्या साखळीला चिकटलेला फ्लोरिन फ्लोराइडच्या टेस्टला दिसत नाही. सीओडीलाही दिसत नाही, कारण डायक्रोमेट टाकून दोन तास उकळलं तरी ती साखळी तुटत नाही. एरेशन टँकमधले, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतले जिवाणू तिला तोंड लावत नाहीत. म्हणजे कागदावरचं "मर्यादेत" खोटं नसतं, पण या रसायनांचा रकाना त्यात नसतोच. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकातही, आयएस १०५०० मध्ये, तो नाही.

आणखी एक विचारा. जास्त क्षाराचं पाणी आटवून उरलेलं मीठ आणि गाळणीतला वापरलेला कार्बन कुठे जातो? पाण्यातून काढलेली वस्तू तिथे जमा झालेली असते.

वर्षा_केपफिअर

स्नेहा, मी मूळची पाटणची. आमच्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून दाभोळ खाडीला मिळणाऱ्या तुमच्या वाशिष्ठीत उतरतं, त्यामुळे तुमची नदी मला परकी नाही. बऱ्याच वर्षांपासून मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला राहते आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. इथे केप फिअर नदी समुद्राला मिळते. तुमच्या ग्रामसभेतलं ते वाक्य आम्ही या नदीवर जगून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लोरिनच्या या रसायनांच्या कुटुंबाला पीफास म्हणतात. त्यातल्या आठ कार्बनवाल्या दोन गाजलेल्या रसायनांची नावं पीएफओए आणि पीएफओएस. टेफ्लॉन तयार करताना पीएफओए लागायचं. ओहायो नदीकाठी पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँट कंपनीचा कारखाना १९५१ पासून ते वापरत होता. विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याच्या गायी मेल्या, दावा उभा राहिला, पुढे त्या खोऱ्यातल्या सुमारे ६९,००० लोकांची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंडाचा आणि अंडकोशाचा कर्करोग, थायरॉइड, आतड्याचा दाह, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्याशी पीएफओएचा संबंध असण्याची शक्यता जास्त आहे असं सांगितलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आठ कंपन्यांकडून कबूल करून घेतलं की २०१५ पर्यंत हे बंद. ग्रामसभेत सांगितलं गेलं ते इथपर्यंत बरोबर आहे, फक्त 'जगभर बंद' असं म्हणता येत नाही, कबुली या आठ कंपन्यांची होती.

ड्यूपाँटने २००९ मध्ये पर्याय आणला, जेनएक्स. साखळी लहान केली आणि मध्ये एक ऑक्सिजन घातला. जेनएक्स माणसाच्या अंगातून लवकर निघून जातं हे खरं आहे, पीएफओए निम्मं व्हायलाच दोन-तीन वर्षं लागतात. पण नदीच्या दृष्टीने हाच गुण उलटा पडतो. लहान रेणू गाळाला फारसा चिकटत नाही, कार्बनच्या गाळणीत कमी टिकतो, पाण्याबरोबर पुढे सरकत राहतो. आणि तुटत तर तोही नाही. जे रोज येतं ते रोज निघून गेलं तरी नळातून पुन्हा रोज येतंच.

जेनएक्स बनवणारा फेएटव्हिलजवळचा कारखाना विल्मिंग्टनपासून नदीने शंभर किलोमीटरहून जास्त वरच्या अंगाला आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या डेटलेफ क्नापे यांच्या गटाने शहराचं पाणी उपसतात तिथले नमुने तपासले. त्यांचा लेख २०१६ मध्ये छापून आला. जेनएक्स सरासरी ६३१ नॅनोग्रॅम प्रति लिटर निघालं. एक नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे शंभर कोटी लिटरांत एक ग्रॅम. शहराला हे कळलं ते जून २०१७ मध्ये, इथल्या स्टारन्यूज वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा. आरोग्य खात्याने आधी सुरक्षित पातळी ७०,९०९ सांगितली आणि पुढच्याच महिन्यात ती १४० वर आणली. २०२४ मध्ये देशाची मर्यादा १० ठरली, आणि २०२५ मध्ये तीच मर्यादा मागे घेणार असं जाहीर झालं. पीएफओए आणि पीएफओएससाठीची ४ ची मर्यादा मात्र ठेवली. आकड्यांचं हे हेलकावणं बघितल्यापासून "मर्यादेत" हा शब्द ऐकला की मी कुठली मर्यादा आणि कधीची, हे आधी विचारते.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. लोक धरून चालले होते की नवं रसायन बनवायला लागल्यापासून नदीत येतंय. कंपनीने २०१७ मध्ये सांगितलं की ते १९८० पासून नदीत जात होतं, दुसऱ्याच एका प्रक्रियेचा उपपदार्थ म्हणून. २००९ मध्ये सरकारने नव्या उत्पादनासाठी जेनएक्स पकडून ठेवायची अट घातली होती, पण उपपदार्थाला ती लागू नव्हती. म्हणजे ज्याच्यासाठी परवाना होता ते पकडलं जात होतं आणि ज्याचं नाव परवान्यात नव्हतं ते नदीत.

शिवाय क्नापे यांच्या आलेखांवर जेनएक्सच्या आजूबाजूला इतर फ्लोरिन संयुगांची शिखरं होती (एक शिखर म्हणजे यंत्राला दिसलेला एक पदार्थ), काही जेनएक्सच्या कितीतरी पट मोठी. त्यांची प्रमाणित द्रावणं विकत मिळत नव्हती, म्हणून आकडा देता आला नाही. आम्हा तपासणीवाल्यांची ही अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. यंत्राला पदार्थ दिसतो, पण तुलनेला शुद्ध नमुना नसेल तर अहवालात त्याची ओळच येत नाही. नंतर विल्मिंग्टनच्या ३४४ जणांचं रक्त तपासलं. बातम्यांत गाजलेलं जेनएक्स कुणाच्याच रक्तात सापडलं नाही. पण नॅफिऑन नावाचं फ्लोरिनचं प्लास्टिक बनवताना होणारा एक उपपदार्थ आणि अशीच आणखी दोन संयुगं, ज्यांची नावं कुणी ऐकली नव्हती, ती बहुतेकांच्या रक्तात होती. जिच्याबद्दल सगळे बोलत होते ती वस्तू निघून गेली होती आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं ती राहिली होती.

म्हणून प्रयोगशाळेत जायच्या आधी कारखान्यात काय काय बनतं, उपपदार्थ आणि मधले टप्पे धरून, त्याची यादी मिळव. यादीशिवाय केलेली तपासणी अंधारात जाळं टाकण्यासारखी आहे.

यादी मिळेपर्यंतही एक गोष्ट लगेच करता येते. आत्ताच्या पाण्याची नोंद करून ठेवा. विल्मिंग्टनला "आधी किती होतं" याचं उत्तर शोधायला फ्रीजरमध्ये पडलेले जुने नमुने उकरावे लागले. २०१० ते २०१६ मध्ये साठवलेलं रक्त खूप नंतर तपासलं, आणि त्यात सगळ्यात जास्त निघाली ती अगदी लहान साखळीची, टीएफएसारखी (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल) संयुगं, जी अंगात राहत नाहीत असंच सगळे समजत होते.

नमुना घेताना. बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची, प्रयोगशाळेनेच दिलेली. नळाचा नमुना असेल तर प्लंबर आटे गुंडाळायला जी पांढरी पट्टी वापरतात ती टेफ्लॉनची असते, तिच्याजवळचं पाणी नको. होडीत बसणाऱ्याने पाणी न धरणारं जाकीट, सनस्क्रीन, वेष्टनातला वडापाव, सगळं लांब ठेवायचं, कारण त्यांतून हीच रसायनं बाटलीत येऊ शकतात. हातात नायट्राइलचे मोजे. आणि एक बाटली प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची, जी खाडीवर न्यायची, तिथे उघडायची, दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतायची आणि परत आणायची. त्या बाटलीत काही सापडलं तर ते खाडीचं नाही, हाताळणीचं. आम्ही तर यंत्रातल्या टेफ्लॉनच्या बारीक नळ्यासुद्धा काढून दुसऱ्या बसवतो, कारण त्या स्वतःच आकडा दाखवतात.

कुठे आणि कधी घ्यायचं? एक नमुना वाशिष्ठीत लोट्याच्या वरच्या अंगाला, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही. बाकीचे खाडीत, ओहोटीच्या शेवटी. कोयनेचं अवजल विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त सुटतं. खूप पाणी सुटलेलं असताना घेतलेला नमुना पातळ असतो आणि आकडा उगाच लहान येतो. त्यामुळे दिवस, वेळ, भरती-ओहोटी लिहून ठेवा. पावसाळ्यापूर्वी एक फेरी, नंतर एक. पाणी पुढे वाहून जातं, म्हणून काठाचा चिखलही घ्या. पीएफओएस खाऱ्या पाण्याला भेटलं की गाळाकडे वळतं, छोट्या साखळ्या मात्र पाण्याबरोबर समुद्रात जातात.

प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचार. यादीत कोणती संयुगं आहेत? आणि प्रत्येकाचं किती खालपर्यंत मोजता? "आढळले नाही" याचा अर्थ कधी कधी "१०० नॅनोग्रॅमच्या खाली आम्हाला दिसत नाही" एवढाच असतो. नदीचं पाणी, सांडपाणी, गाळ आणि मासे या सगळ्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची १६३३ नंबरची पद्धत आहे, ४० संयुगांची. तिला पाया धर. तिच्या जोडीला एकूण सेंद्रिय फ्लोरिन मोजून घे. ४० संयुगांची बेरीज लहान आणि एकूण फ्लोरिन मोठा आला, तर यादीबाहेरचं काहीतरी पाण्यात आहे एवढं तरी कळतं.

यंत्रं आली म्हणजे खाडी खराब झाली असं होत नाही. ते मोजल्यावरच कळेल, आणि मोजून ठेवलेलं कारखान्याच्याही कामाचं आहे.

पादोव्हाहून_निखिल

मी इथे इटलीत पादोव्हाला पीएचडी करतोय, त्रिस्सिनो जवळच आहे. स्नेहाताई, मितेनीबद्दल थोडी भर घालतो.

कारखाना १९६५ चा, मारझोत्तो या कापड उद्योगाने काढलेला. खालच्या मैदानातल्या गावांचं भूजल ज्या भागातून भरतं, बरोबर त्याच भागावर तो उभा होता. २०१३ मध्ये इथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या लोकांनी नद्यांचा अभ्यास करताना हे सगळं सापडवलं, तोवर कुणी बघितलंच नव्हतं. दूषित पट्ट्यात साडेतीन लाखांच्या आसपास लोक येतात. सांडपाणी एका लांब सामाईक नळातून फ्रात्ता-गोर्झोने नदीत सोडलं जायचं, आणि ती नदी पुढे एड्रियाटिकला जाते. म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा प्रश्न समुद्रापर्यंत गेला.

वर्षाताईंनी सांगितलेलं इथेही तसंच घडलं. मितेनीने २०११ च्या सुमारास लांब साखळीची रसायनं बंद करून चार कार्बनवाली सुरू केली होती. तरी २०१८ मध्ये कारखान्याखालच्या पाण्यात जेनएक्स सापडलं. ते इथे बनतच नव्हतं. नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्टच्या कारखान्यातला टाकाऊ माल पुन्हा वापरता यावा म्हणून इथे प्रक्रियेला यायचा, त्यातलं ते. उत्पादनांच्या यादीत ते दिसलंच नसतं. बाहेरून प्रक्रियेसाठी काय येतं, हेही तुमच्या यादीत हवं.

मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात आल्यावर इथल्या आया एकत्र आल्या, "मामे नो पीफास" नावाने. कोर्टात प्रत्येक तारखेला हजर राहायच्या. २६ जून २०२५ ला व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, सगळ्यात मोठी शिक्षा साडेसतरा वर्षांची. या बायकांपैकी काही जणींना मी भेटलोय. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं की ती यंत्रं जिथे गेली तिथल्या बायकांना हे सगळं कुणी सांगितलंय का. तुमचा धागा मी त्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

स्नेहा_खाडीकाठ

हरकत कसली, जरूर दाखवा. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

वर्षाताई, एवढं सविस्तर लिहिलंत, रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते ओहोटीच्या नमुन्याबद्दल लगेच म्हणाले की कुठल्या वळणावर वरचं पाणी काठाला लागून जातं ते त्यांना ठाऊक आहे, तिथेच घेऊ. त्यांचा एकच प्रश्न आहे आणि तो मलाही विचारायचा होता. मासे खायचे की नाही? आमच्या घरात रोज मासा असतो. वहिनीला सातवा महिना चालू आहे. आणि पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

वर्षा_केपफिअर

पाण्याचं आधी, कारण ते सोपं आहे. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि रसायन तेवढंच राहतं. तुरटी, क्लोरीन, यूव्ही, यांनी काही होत नाही. आरओ चांगला चालतो, छोट्या साखळ्यांसाठीही. नुसता कार्बनचा फिल्टर जुन्या लांब साखळ्यांना बरा, पण लहान रेणू त्यातून लवकर निसटायला लागतात, म्हणून कार्बन वेळच्या वेळी बदलावा लागतो. विल्मिंग्टनने २०२२ मध्ये शहरासाठी कार्बनच्या मोठ्या गाळण्या बसवल्या. त्याला चार कोटी डॉलरहून जास्त खर्च आला, आणि कार्बन बदलण्याचा खर्च कायमचा मागे लागला.

आता मासे. माझ्या हातात तुमच्या खाडीचा एकही आकडा नाही आणि आकड्याशिवाय एका मासेमार घराला "खाऊ नका" म्हणणं मला बरोबर वाटत नाही. रोजचा ताजा मासा गरोदर बाईला चांगला आहे, तो भीतीपोटी ताटातून काढू नका. आत्ता करायचं तर यकृत, आतडी आणि पोटातलं सगळं टाकून द्या. ही रसायनं चरबीत नाही, प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे रक्तात आणि यकृतात जास्त असतात, मांसात त्यामानाने कमी. बोईचं पोट साफ करून खाणं तुमच्याकडे असतंच.

इथला अनुभव सांगते. जुलै २०२३ मध्ये राज्याने केप फिअरच्या गोड्या पाण्यातल्या काही माशांबद्दल सूचना काढली, मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी ते खाऊ नयेत म्हणून. पण कारण जेनएक्स नव्हतं. कारण होतं जुनं पीएफओएस, ज्याचं उत्पादन थांबवत असल्याचं थ्रीएम कंपनीने मे २००० मध्येच जाहीर केलं होतं. बंद करून दोन दशकं उलटली तरी माशात तेच पहिलं आलं. तिकडे युरोपात, नेदरलँड्समधल्या वेस्टरस्खेल्ड खाडीकाठच्या लोकांना २०२२ मध्ये स्वतः पकडलेली मासळी खाऊ नका असं सांगावं लागलं. तिथले गळ टाकणारे आणि कोळंबी पकडणारे तुमच्यासारखेच, पिढ्यान् पिढ्या खाडीवर जगलेले. माशात आणि पाण्यात एकच गोष्ट शोधायची नसते. पाण्यात नवीन छोटी संयुगं बघ आणि माशात जुनी लांबही बघ.

मासे तपासायला देताना बोई, शिंगाळा, कालवं वेगवेगळी दे, आणि प्रयोगशाळेला एक प्रश्न मुद्दाम विचार: माशाच्या पित्तातली आम्लं पीएफओएसपासून वेगळी काढता का? मी रोज हे बघते. पीएफओएस मोजताना यंत्रावर आम्ही ४९९ वजनाचा आयन (विद्युतभार असलेला रेणू) धरतो आणि त्याचा ८० चा तुकडा मोजतो. पित्तातल्या टॉरोडीऑक्सीकोलिक आम्लाचंही नेमकं ४९९ आणि ८० येतं. शिखरं एकमेकांवर बसली तर मासा आहे त्यापेक्षा कितीतरी दूषित दिसतो. असा एक चुकीचा आकडा बाहेर गेला तर बाजारात तुमच्या मासळीला गिऱ्हाईक राहणार नाही, आणि नंतर दुरुस्ती छापून काही उपयोग होत नाही. जाणकार प्रयोगशाळा ९९ चा दुसरा तुकडाही बघते किंवा पित्ताची आम्लं आधी वेगळी करते.

पीएफओएच्या शिखराकडेही एका वेगळ्या कारणासाठी बघायचं. मितेनीकडे विजेने फ्लोरिन चढवायची पद्धत होती, निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये निकेलच्या पट्ट्यांवर. त्या पद्धतीतून सरळ रेणूंबरोबर फांद्या फुटलेलेही होतात, साधारण ऐंशी-वीस. आलेखावर मुख्य शिखराच्या जरा आधी एक खांदा दिसतो. दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मालात तो नसतो. म्हणून प्रयोगशाळेकडून नुसते आकडे घेऊ नकोस, आलेखही मागून घे. मला पाठवलेस तर मी बघून सांगेन.

माहितीअर्जवाला_रत्नागिरी

यादी कशी मिळवायची तेवढं सांगतो. माझे या बाबतीत बरेच अर्ज झालेत.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात प्रत्येक उत्पादनाचं नाव आणि महिन्याचं प्रमाण असतं, उपपदार्थही असतात. ही पत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर चढवलेली असतात, आधी तिथे शोधा. पर्यावरण मंजुरी लागलेली असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर मंजुरीचं पत्र आणि प्रकल्पाचा अहवाल मिळतो. त्यातला प्रक्रियेचा आणि वस्तुमानाच्या ताळेबंदाचा भाग डोळ्यांत तेल घालून वाचा. किती कच्चा माल आत गेला, किती उत्पादन झालं, किती सांडपाण्यात, किती घातक कचऱ्यात, सगळं तिथे लिहिलेलं असतं. विज्ञान शिकवता म्हणजे तुम्हाला ते वाचता येईल. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याला फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, भरावा लागतो, मागच्या आर्थिक वर्षाचा. तो माहितीच्या अधिकारात मागा.

अर्जात "प्रदूषणाची माहिती द्या" असं लिहू नका, मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. कागदाचं नाव आणि वर्ष लिहा, आणि प्रत मिळणार नसेल तर फाइल बघायची मुभा मागा. फाइल बघायला गेलात की शेजारची पानंही दिसतात. अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर नको, व्यक्तीच्या नावाने करा. माहिती मागायचा अधिकार नागरिकाचा आहे आणि त्या एका मुद्द्यावर अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

शिफ्ट_बी

फॉर्म पाचमध्ये घातक कचऱ्याचं प्रमाण येतं. मी मिठाचं आणि कार्बनचं म्हटलं होतं ते तिथे सापडेल.

स्नेहा_खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गावातल्या पाच-सहा घरांची माणसं आमच्या पडवीत बसली होती, हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं. संमतीपत्र आणि परिवेशवरची कागदपत्रं मी या आठवड्यात उतरवून घेते आणि नावांची यादी इथेच टाकते, वर्षाताईंनी आणि निखिलने ती बघावी. फॉर्म पाचचा अर्ज काका त्यांच्या नावाने करणार. पहिले नमुने अमावास्येच्या उधाणानंतरच्या ओहोटीला, बाबा सांगतील त्या वळणावर आणि वर वाशिष्ठीत. आईचं म्हणणं आहे की कालवांचा नमुना दोन वेगवेगळ्या खडकांवरचा घ्यावा, एक काळकाईच्या देवळाखालचा आणि एक पार मुखाकडचा, कारण दोन्हीकडची चव वेगळी लागते. ते मला पटलं. वहिनीचं ताट आहे तसंच चालू राहील, फक्त पोटातलं काढून.

वर्षाताई, नमुन्याच्या बाटल्या बर्फात ठेवून पाठवायच्या का, आणि चिपळूणहून पोचायला दोन दिवस लागले तर चालतील का?

वर्षा_केपफिअर

बर्फात ठेव, अंधारात ठेव, दोन दिवस चालतील. मासळीच्या पेटीतला बर्फ वापरलास तर बाटल्या आधी दोन साध्या प्लास्टिक पिशव्यांत घाल, वितळलेलं पाणी झाकणाला लागू देऊ नकोस. बाटलीवर शाईचा पेन नको, आधीच छापलेली चिठ्ठी लाव. खडकांबद्दल आईंचं ऐक, दोन्ही घे.